फुलणारे चक्र : 'फायनल फँटसी १४' मधील नर्तकाच्या शस्त्राची समीक्षा

जपानमधील स्क्वेअर एनिक्स या कंपनीचा 'फायनल फँटसी १४' हा बहुखेळाडू ऑनलाइन खेळ आजच्या स्वरूपात २०१३ पासून खेळला जातो. जुलै २०१९ मधील 'शॅडोब्रिंगर्स' या विस्तारात त्यात 'डान्सर' ही भूमिका समाविष्ट झाली. या नर्तकाच्या हाती फेकून मारावयाची दोन चक्रे असतात. नृत्य, फूल व शस्त्र या तीन कल्पना एकाच वस्तूत गुंफण्याचा हा प्रयत्न कितपत सिद्धीस जातो, हे तपासणे उद्बोधक ठरावे.

फुलाचे नाते येथे सर्वांत घट्ट आहे ते एका शब्दात. या भूमिकेच्या एका क्रियेचे नाव 'फ्लरिश' असे आहे. हा इंग्रजी शब्द फूल या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आलेला असून त्याचा अर्थ बहरणे असा होतो. शस्त्र दिमाखाने फिरविणे हाही त्याचाच अर्थ. हा श्लेष केवळ नावापुरता राहिलेला नाही. 'कॅस्केड' वा 'फाउंटन' या मूळ प्रहारांनंतर अधिक प्रभावी प्रहार खुला होण्याची शक्यता ५० टक्केच असते. बहर येईलच याची शाश्वती नसल्याने खेळाडूला सतत लक्ष ठेवून वाट पाहावी लागते. 'फ्लरिश' मात्र दर ६० सेकंदांनी तो बहर हमखास घडवून आणते. अनिश्चितता आणि हुकमी फुलणे यांच्यातील हा ताण ही या रचनेची खरी कमाई होय.

चक्राचे मूळ भारतीय आहे. निहंग शिखांच्या उंच पगडीवर चढविलेली पोलादी चक्रे सर्वपरिचित आहेत. त्यांची बाहेरील कड धारदार असते व फेकलेले चक्र परत येत नाही. खेळातील चक्रे मात्र प्रहार करून नर्तकाच्या हाती परततात. म्हणजे त्यांचे कूळ रणांगणातील पोलादापेक्षा विष्णूच्या सुदर्शनाशी अधिक जुळते.

नृत्याच्या बाबतीत मात्र ही रचना उणी पडते. खेळातील कथेनुसार ही कला थावनेर नामक बेटाची, तिचे नाव 'क्रीग्सटान्झ' हे जर्मन, तर 'जते', 'पिरुएत' आदी चार पदन्यास फ्रेंच बॅलेमधील. २०२१ च्या 'एंडवॉकर' विस्ताराने त्यात 'तिल्लाना'ची भर घातली. भरतनाट्यमच्या मार्गात तिल्लाना अखेरीस येतो. खेळातही तो 'टेक्निकल फिनिश' या नृत्यसमाप्तीनंतरच उपलब्ध होतो. स्थान राखले गेले, पण ज्या तालबद्ध बोलांवर तिल्लाना उभा असतो ते कोठेच नाहीत. पदन्यासांचा क्रमही यंत्रच यदृच्छेने ठरविते आणि खेळाडू त्या त्या रंगाची कळ दाबतो. पार्श्वसंगीताशी त्या दाबण्याचा काडीचाही संबंध नसतो. येथे तत्परता आहे, आज्ञापालन आहे, लय नाही. नर्तकाच्या भूमिकेत लयच नसावी, हे वैगुण्य किरकोळ मानता येणार नाही.

तरीही एका बाबतीत ही कल्पना अनपेक्षित खोली गाठते. भारतीय परंपरेतील पुष्पायुध म्हणजे मदनाचे पाच बाण : अरविंद, अशोक, आम्रमंजरी, नवमल्लिका व नीलोत्पल. ते देह भेदीत नाहीत, दुसऱ्याच्या चित्तात काही जागवितात. खेळातील नर्तक 'क्लोज्ड पोझिशन' या क्रियेने गटातील एकास नृत्यसहचर म्हणून निवडतो. 'स्टँडर्ड फिनिश' हे छोटे नृत्य पूर्ण होताच नर्तकासोबत त्या सहचराचेही प्रहार बळावतात, आणि सहचराच्या प्रहारांतून नर्तकाच्या 'एस्प्री' या संचयात भर पडते. संचय ५० झाला की 'सेबर डान्स' हा जबर प्रहार शक्य होतो. चक्रे शत्रूवर फेकली जातात खरी. परंतु नर्तकाने कोणाला निवडले आणि त्या सहचराने केव्हा, किती वार केले, यावर त्यांचा बहर बराचसा अवलंबून राहतो.