एका कवीची वांटणी

गेल्या आषाढांतील एका रविवारीं आमची एक जुनी विद्यार्थिनी कळंब्यास आमच्या घरीं आली. पाऊस सारखा लागून राहिला होता. तलावाकडची वाट चिखलानें भरून गेली होती आणि कात्यायनीचा डोंगर सकाळपासून ढगांत दडलेला होता. अशा दिवशीं मुद्दाम येण्याचें तिचें कारण हें कीं, तिच्या ख्रिस्ती मंडळींतील तरुणांकरितां रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या निवडक कवितांची एक वही करावयाची होती. निवड तिनें केली होती. आम्हीं ती एकदां नजरेखालून घालावी, एवढीच तिची विनंती होती.

आम्ही शिकवितों इंग्रजी वाङ्मय. परंतु महाविद्यालयाच्या वाङ्मय मंडळांत मराठी कवींवर बोलण्याचा प्रसंग आमच्यावर वरचेवर येतो, आणि टिळकांवर तर आम्ही अनेकदां बोललों आहों. त्या व्याख्यानांसाठीं केलेली आमची यादी आम्हीं कपाटांतून काढली व तिच्या यादीशेजारीं ठेवली. दोन्ही याद्यांत वीस-पंचवीस कविता होत्या. दोहोंत समान अशी एकही कविता नव्हती. आमच्या यादींत फुलें, मुलें, पांखरें आणि देशप्रीति. तिच्या यादींत सारे अभंग आणि भजनें. ती क्षणभर थांबून म्हणाली, "सर, शाळेच्या पुस्तकांतले टिळक आणि आमच्या उपासना संगीतांतले टिळक एकच, हें मला कॉलेजांत येईपर्यंत ठाऊक नव्हतें. तुमच्याही व्याख्यानांत तें कधीं आलें नाहीं." तिच्या स्वरांत तक्रार नव्हती, म्हणूनच तें वाक्य आम्हांला अधिक लागलें.

प्रस्तुत लेख त्या वाक्याचें उत्तर देण्यासाठीं लिहीत आहों. टिळकांच्या वांट्याला मराठींत दुर्लक्ष आलें असें म्हणतां येणार नाहीं. त्यांच्या वांट्याला आली ती वांटणी. थोरल्या भावानें शेत घ्यावें आणि धाकट्यानें घर, तशी आपण या कवीची वांटणी करून घेतली आहे. 'फुलांमुलांचे कवी' हा हिस्सा शाळांनीं व टीकाकारांनीं उचलला. भजनांचा हिस्सा चर्चच्या भिंतीआड राहिला. या वांटणींत दोन्ही पक्षांचें नुकसान झालें आहे असें आमचें मत आहे.

प्रथम मनुष्य ध्यानांत घेऊं. टिळकांचा जन्म १८६१ सालचा, रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांवचा. चित्पावन घराण्यांत वाढलेल्या, संस्कृतावर प्रभुत्व असलेल्या या गृहस्थानें १८९५ च्या फेब्रुवारींत मुंबईस बाप्तिस्मा घेतला. तत्पूर्वीं आगगाडींत भेटलेल्या एका युरोपियन सहप्रवाशानें त्यांच्या हातीं बायबल दिलें होतें, आणि डोंगरावरील प्रवचनानें त्यांचें मन जिंकलें होतें, ही हकीकत प्रसिद्ध आहे. पुढें अहमदनगर, म्हणजे आजचें अहिल्यानगर, हें त्यांचें कर्मक्षेत्र झालें. १९१७ सालीं त्यांनीं मिशनचें वेतन सोडलें आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापन केला. १९१९ च्या मे महिन्यांत ते मुंबईस वारले. याच गृहस्थाच्या घरीं अहमदनगरास बालकवि ठोमरे राहिले होते. बालकवींना ज्यांनीं लेकरासारखें संभाळलें, त्यांत लक्ष्मीबाई टिळकांचें नांव प्रथम घ्यावें लागेल. मराठी निसर्गकवितेचा एक मोठा झरा अशा रीतीनें एका ख्रिस्ती उपदेशकाच्या उंबऱ्यावरून वाहत गेला.

आतां वांटणी कां झाली तें पाहूं. सुशिक्षित वाचकाच्या मनांत एक समजूत घट्ट बसलेली असते. निसर्गावरील कविता म्हणजे काव्य, आणि ख्रिस्तावरील अभंग म्हणजे धर्मप्रचार. ही समजूत आम्हीं स्वतः अनेक वर्षें बाळगली. तपासून मात्र कधीं पाहिली नाहीं. तुकोबांचे अभंग हा वारकरी पंथाचा प्रचार आहे असें कोणी म्हणेल काय? आणि आमच्या धंद्यापुरतें बोलावयाचें तर, मिल्टनचें 'पॅरडाइज लॉस्ट' आम्ही वर्षानुवर्षें शिकवीत आलों. हर्बर्टची वेदीपुढील दीनता, हॉपकिन्सची तडफड, हीं आम्हीं हिंदु, जैन, मुसलमान मुलांना समजावून दिलीं, आणि तीं त्यांनीं मनापासून ऐकलीं. त्या वेळीं धर्माचा प्रश्न आम्हांला पडला नाहीं. इंग्रजींत लिहिलेली ख्रिस्तभक्ति आम्हांला वाङ्मय वाटली आणि मराठींत लिहिलेली तीच भक्ति मिशनचें कागदपत्र वाटली! या विसंगतीला अभिरुचि म्हणणें कठीण आहे. तिच्या मुळाशीं परकेपणाची भीति आहे, आणि ही भीति अगदींच अकारण होती असेंही नाहीं. परकीय सत्ता आणि परकीय मिशन एकाच काळीं दारांत उभीं राहिलेलीं ज्यांनीं पाहिलीं, त्यांना कवीचा आवाज निराळा काढून ऐकणें सोपें नव्हतें. ती सत्ता १९४७ सालीं गेली. आमचे कान मात्र अजून जुनेच आहेत.

तथापि ख्रिस्ती भावनेचें मराठी काव्य हें इंग्रजी अमदानींतलें कलम नव्हे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ सालीं गोव्यास आला आणि त्याचें 'ख्रिस्तपुराण' १६१६ सालीं रायतूर येथें छापलें गेलें. देवनागरी खिळे नसल्यामुळें तें रोमन अक्षरांत छापावें लागलें. परंतु सुमारें अकरा हजार ओव्यांच्या त्या ग्रंथाची प्रकृति मराठी आहे. नवीन ख्रिस्ती झालेल्या लोकांना आपलीं जुनीं पुराणें सुटल्याची हुरहुर होती. ती ओळखून त्यानें त्यांना पुराणच दिलें, तेंही ओवींत, आणि आरंभीं मराठी भाषेची थोरवी गाऊन. पहिल्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाहीं. ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांतून आणि लोकांच्या पठणांतून. स्टीफन्सला जें परक्या देशांत शिकून साधावें लागलें, तें टिळकांच्या रक्तांत होतें. तुकोबांच्या अभंगांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलों, असें ते म्हणत. ख्रिस्ताला ते गुरु म्हणून आणि आई म्हणून हाक मारतात. ही हाक पाश्चात्य चर्चनें त्यांना शिकविलेली नाहीं. ज्या भाषेंत ज्ञानदेव 'माउली' होतात आणि पंढरीचा विठोबा विठाई होतो, त्या भाषेनें ती त्यांना दिली. नवें दैवत जुन्या भाषेच्या घरांत आलें आणि त्या घराची रीत त्यानें स्वीकारली. टिळकांच्या उत्तम भजनांचें सारें बळ या स्वीकारांत आहे.

उलट बाजूनें पाहिलें तर फुलांचे टिळक या भक्तीवांचून अपुरे राहतात. त्यांचें सृष्टिप्रेम बाप्तिस्म्याच्या आधींचें आहे. तें त्यांना धर्मांतरानें दिलें असें म्हणणें खोटें होईल. मात्र त्यांच्या निसर्गाकडे नीट पाहिलें म्हणजे ध्यानांत येतें कीं, यांत भव्य असें फारसें कांहीं नाहीं. हिमालय नाहीं, वादळ नाहीं. आहे तें रानांत एकटें उमललेलें फूल, पारध्याच्या हातून मेलेली पक्षीण, अंगणांतलें मूल. जें लहान आहे, दुबळें आहे, ज्याची दखल कोणी घेत नाहीं, त्याच्याकडे ही दृष्टि वळते. अशा मनाच्या मनुष्यानें डोंगरावरील प्रवचन वाचलें. तेथें रानांतील फुलांचा आणि आकाशांतील पांखरांचा दाखला आढळला, दीनांना धन्य म्हटलेलें आढळलें. आपल्या आवडीला कोणीतरी आधींच अर्थ देऊन ठेवला आहे, असें त्याला वाटलें असल्यास नवल नाहीं. आमच्या मतें टिळकांची श्रद्धा आणि त्यांची फुलें यांचा संबंध हा असा आहे. आवड पूर्वींची, तिला आधार मिळाला तो नंतर. 'वनवासी फूल' शिकवितांना हा आधार झांकून ठेवणें म्हणजे विद्यार्थ्याला अर्धेंच काव्य देणें होय. आम्हीं तें केलें आहे.

येथपर्यंत आम्ही टिळकांचे वकील झालों. टीकाकाराचें कर्तव्य एवढ्यानें संपत नाहीं. टिळकांच्या काव्यांत एक दोष आहे, आणि तो दोन्ही हिश्शांत सारखाच आहे, ही गोष्ट आमच्या सिद्धान्ताला पुष्टि देणारीच आहे. त्यांच्यांतील उपदेशक पुष्कळदां कवीच्या आधीं बोलून घेतो. फूल पाहून होण्यापूर्वींच त्याचें तात्पर्य हातीं पडतें. अभंगांत आर्तता उमटण्यापूर्वींच समाधान उमटतें. जेथें ते ईश्वराशीं बोलतात तेथें ओळ जिवंत असते. जेथें ते ईश्वराविषयीं लोकांशीं बोलूं लागतात तेथें ती ढिली पडते. श्रद्धा ही काव्याला अडचण होत नाहीं. श्रद्धेचा तयार निष्कर्ष अडचण होतो. ज्याला उत्तर सांपडलें आहे त्या कवीनें प्रश्नाची कळ विसरतां कामा नये, आणि टिळक ती कधीं कधीं विसरतात.

ती कळ जिनें शेवटपर्यंत विसरली नाहीं अशी लेखणी त्यांच्याच घरांत होती. लक्ष्मीबाईंचीं 'स्मृतिचित्रें' १९३४ पासून भागाभागांनीं प्रसिद्ध झालीं. शाळेचें तोंड न पाहिलेल्या या बाईंनीं ख्रिस्ती श्रद्धेनें घडलेल्या जीवनाचें जें चित्र काढलें, त्याला मराठींत जोड नाहीं. पतीनें धर्म सोडला तेव्हां त्यांच्यावर आकाश कोसळलें. कांहीं काळ त्यांनीं पंढरपुरास काढला. पांच वर्षांच्या सुमारास, १९०० सालीं, त्यांनीं स्वतः बाप्तिस्मा घेतला. मधल्या वर्षांत काय झालें तें त्या सांगतात. पण कोणता धर्म खरा याचें प्रवचन करीत नाहींत. सोंवळ्याच्या अतिरेकांत गेलेलें बालपण, टिळकांचा संताप, त्यांचा विसरभोळेपणा, हातांतला पैसा दुसऱ्याला देऊन मोकळें होण्याची त्यांची रीत, हें सारें त्या हंसत सांगतात, आणि वाचक हंसतां हंसतां डोळे पुसतो. आपल्या मनांतून जातिभेदाचें बंधन कसें सुटलें तें सांगतांना त्या कोणत्याही शास्त्राचा आधार घेत नाहींत. स्वतःच्या विचाराची वाट तेवढी दाखवितात. त्यांची श्रद्धा अशी निवेदनाच्या पोटांत राहते. भाकरींतल्या मिठाप्रमाणें ती वेगळी काढून दाखवितां येत नाहीं.

याच लक्ष्मीबाईंनीं पतीचें अपुरें राहिलेलें 'ख्रिस्तायन' ओवींतच पुढें नेलें, आणि तें १९३८ सालीं, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनीं, प्रसिद्ध झालें. पतीच्या ज्या श्रद्धेनें एकदां संसार मोडूं पाहिला होता, तिचेंच काव्य पत्नीनें पुरें करावें, ही गोष्ट आम्हांला त्यांतील कोणत्याही ओवीइतकीच महत्त्वाची वाटते. लेखकाचें जीवन आणि लेखन यांची सांगड याहून घट्ट कशी असावी?

ही परंपरा आटलेली नाहीं. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या 'सुबोध बायबल' या अनुवादास साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला, आणि २०२० च्या जानेवारींत उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद त्यांनीं भूषविलें. त्या निवडीला विरोध झाला, धमक्याही आल्या. संमेलन मात्र पार पडलें. म्हणजे मराठी ख्रिस्ती लेखक आमचा कीं त्यांचा, हा प्रश्न शंभर वर्षांनींही पुरता मिटलेला नव्हता. तो व्यासपीठावर सुटतो तितका सुटो. त्याची खरी जागा घरांत आहे. ज्या घरांत मुलांकडून टिळकांची फुलांची कविता पाठ करून घेतात, तेथें त्यांचा एखादा अभंगही वाचला जावा. आणि ज्या घरांत दर रविवारीं त्यांचें भजन होतें, तेथें ती पक्षिणीची कविताही पोंचावी. धर्म बदलण्याचा येथें प्रश्न नाहीं. तुकोबा वाचून टिळक मराठी राहिले. टिळक वाचून आपण कांहीं गमावूं असें आम्हांस वाटत नाहीं.

त्या रविवारीं संध्याकाळपर्यंत आम्ही दोघें बसलों. तिच्या यादींतून उपदेशाचे सहा-सात अभंग आम्हीं गाळावयास सांगितले. त्यांतील दोन तिनें हट्टानें ठेवले, कारण ते तिच्या आजीचे आवडते होते. आमच्या यादींतील नऊ कविता तिनें उतरून घेतल्या. तिच्या यादींतील अकरा अभंग आम्हीं आमच्या वहींत लिहून घेतले. त्यांतील चार आम्हीं त्या दिवसापर्यंत वाचलेलेही नव्हते. वाङ्मय मंडळांत पुढचें व्याख्यान त्यांच्यावर द्यावयाचें ठरविलें आहे.