‘मेटानोइया’ आणि ‘पश्चात्ताप’: एका शब्दाचे मराठीकरण

मराठी ‘नव्या करारा’त बाप्तिस्मा करणारा योहान आणि येशू या दोघांच्याही उपदेशाचा आरंभ ‘पश्चात्ताप करा’ या आवाहनाने होतो. मूळ ग्रीक संहितेतील नाम आहे ‘मेटानोइया’. ‘मेटा’ म्हणजे नंतर किंवा पालट, ‘नूस’ म्हणजे मन, बुद्धी. व्युत्पत्तीने पाहता हा मनाचा पालट आहे. त्यात ‘ताप’ कोठेच नाही. त्यामुळे ‘पश्चात्ताप’ हे सदोष भाषांतर असून ‘मनपरिवर्तन’ हा शब्द अधिक योग्य ठरेल, असा आक्षेप घेता येतो. हा आक्षेप तपासून पाहण्याजोगा आहे.

या आक्षेपाला मोठी परंपरा आहे. जेरोमच्या लॅटिन भाषांतरातील शब्दप्रयोगातून ‘प्रायश्चित्त करा’ असा विधिवाचक अर्थ निघू शकत होता. लोरेन्झो वाला आणि एरॅस्मस यांनी त्यावर बोट ठेवले. १५१७ मध्ये ल्यूथरने मांडलेल्या पंचाण्णव प्रमेयांपैकी पहिले प्रमेय येशूच्या याच आवाहनाविषयी आहे. एका शब्दाच्या अर्थनिर्णयावर धर्मसंस्थेचा अधिकार पणाला लागला होता.

परंतु व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे. जेम्स बार यांनी १९६१ मध्ये बायबलच्या अभ्यासकांना हाच इशारा दिला होता. लूकच्या सतराव्या अध्यायात दिवसातून सात वेळा अपराध करून सात वेळा परत येणाऱ्या भावाच्या तोंडी हेच क्रियापद आहे. तेथे त्याचा अर्थ ‘चुकलो, वाईट वाटते’ याच्या जवळचा आहे. अन्यत्र हेच क्रियापद गोणपाट आणि राख यांच्या संगतीत येते. म्हणजे ग्रीक शब्दाच्या वापरातही ताप आहेच. ‘मनपरिवर्तन’ हा शब्द तो पुसून टाकतो.

खरी अडचण यहूदाच्या प्रसंगी उभी राहते. येशूला धरून दिल्यावर यहूदाला जे वाटले, त्यासाठी मत्तय ‘मेटामेलोमाइ’ हे दुसरेच क्रियापद योजतो. प्रचलित मराठी भाषांतरात तेथे ‘पस्तावला’ असा शब्द आहे. आता, ‘पस्तावा’ आणि ‘पश्चात्ताप’ यांचे मूळ एकच. एक तद्भव, दुसरा तत्सम. ग्रीकमध्ये दोन भिन्न धातू, तर मराठीत एकाच शब्दाची दोन रूपे. येथे भेद पुसला गेला असे प्रथमदर्शनी वाटते.

वापर मात्र वेगळे सांगतो. कुरखेड्याच्या परिसरात धान विकून टाकल्यावर भाव चढला, की शेतकरी पस्तावतो. त्याला पश्चात्ताप झाला असे कोणी म्हणत नाही. पस्तावा व्यवहारातील हानीचा, पश्चात्ताप नीतीच्या स्खलनाचा. त्यातच संतवाङ्मयातील ‘अनुताप’ या शब्दाचा संस्कार ‘पश्चात्तापा’वर आहे. तुकोबांच्या किंवा एकनाथांच्या परंपरेत अनुताप ही केवळ हळहळ नसते. माणसाचे तोंड दुसऱ्या दिशेला वळवणारी ती आच असते. म्हणून मराठी वाचक ‘पश्चात्ताप’ वाचताना ‘पालट’ही ऐकतो. तो अर्थ कोशाने दिलेला नाही, परंपरेने दिलेला आहे.

पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून केलेले बायबलचे भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये, केडगावच्या मुक्ती मिशनने छापले. सामान्य स्त्रीला कळेल अशी भाषा हवी आणि हिंदू दैवतकल्पनांचा संस्कार असलेले शब्द नकोत, अशी त्यांची भूमिका होती. तिचा नैतिक गाभा आदरणीय आहे. पण संस्कारमुक्त शब्द कोणत्याही जिवंत भाषेत सापडत नाही आणि सापडलाच तर तो वाचकाच्या मनाला भिडत नाही.

या जिल्ह्यात बंदूक खाली ठेवून परतणाऱ्यांसाठी ‘आत्मसमर्पण’ हा शब्द रूढ आहे. त्याने कृतीची नोंद होते. मन वळले का आणि ते पोळले का, हे दोन्ही प्रश्न तो शब्द अनुत्तरित ठेवतो. ‘मेटानोइया’ने हे दोन्ही प्रश्न एकत्र विचारले होते. मराठीत ते एकत्र विचारण्याचे सामर्थ्य आजही ‘पश्चात्ताप’ या शब्दातच अधिक आहे. मात्र तो उच्चारताना त्यातील ‘ताप’ हा शेवट नसून आरंभ आहे, याचे भान हवे.