पुरातला एकटा माणूस

कुसुमाग्रजांची ‘कणा’ ही कविता ज्याला ठाऊक नाही असा मराठी माणूस विरळाच. स्नेहसंमेलनात, पूरग्रस्तांच्या निधीसाठी भरलेल्या सभेत ती म्हटली जाते आणि श्रोत्यांचे डोळे पाणावतात. माझेही पाणावत. परंतु २०२० च्या ऑगस्टअखेर मी भंडारा जिल्ह्यात वैनगंगेचा पूर पाहिला, आणि तेव्हापासून त्या कवितेशी माझे एक भांडण चालू आहे.

त्याच वर्षी ३ जूनला निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धनकडच्या नारळी-पोफळी आडव्या केल्या होत्या. आमच्याकडे समुद्र नाही. पण वर मध्य प्रदेशात अतोनात पाऊस झाला, संजय सरोवराचे पाणी सुटले, खाली गोसीखुर्दची ३३ दारे उघडावी लागली, तरी नदी गावांत शिरलीच. भाताची रोवणी आटोपलेली; पुन्हा पऱ्हे टाकण्याचे दिवस उलटून गेलेले.

चार दिवसांनी मी पवनी तालुक्यातल्या नदीकाठच्या एका गावी गेलो. मातीच्या भिंती बसल्या होत्या. माणसे बाहेर काढली ती धिवरांनी, आपल्या डोंग्यांतून. त्यांना गावाने एरवी पंगतीत पुढचा पाट कधी दिला नव्हता. शाळेत एकच चूल पेटली होती. ज्याचे तांदूळ कोरडे राहिले त्याने ते तिथे आणून ओतले. पुढे थंडीत भिंती उभ्या राहिल्या त्याही अशाच, आज माझ्या घरी, उद्या तुझ्या घरी. एकट्याच्या बळावर उभा राहिलेला मला कोणी दिसला नाही.

‘कणा’तला माणूस मात्र बायकोला घेऊन एकटाच झुंजतो आहे. त्याला शेजारी नाहीत. सरांकडून पैसे तो घेत नाही, पाठीवर हात तेवढा मागतो. हा कवीचा दोष मी मानीत नाही. लहान कवितेला एकच माणूस पेलतो. दोष आम्हा श्रोत्यांचा. पैसे न मागणारा पूरग्रस्त आम्हांला फार आवडतो!

आता व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) घ्या. तिथे सारा गाव मिळून तालीम बांधतो. ती पाने मी कितीदा तरी वाचली असतील. पण दुष्काळ पडतो आणि जो तो आपली वाट धरतो. म्हणजे आमच्या वाङ्मयात गाव एकत्र येतो तो सुखात. संकट आले की माणूस सुटा होतो. या दोन गोष्टींची गाठ कोणी घातलेली मला तरी आढळली नाही.

मग मी आमच्या झाडीपट्टीच्या नाटकांकडे वळलो. दिवाळीनंतर मंडईच्या दिवसांत गावोगाव मांडव पडतात, रात्रभर नाटक चालते. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्या-मुंबईलाही या रंगभूमीचे नाव थोडेफार कळले. मी पाहिलेल्या नाटकांत सावकार आहे, भावा-बहिणीची ताटातूट आहे, एकदा तर रंगमंचावर पूरही आला; पण पूर ओसरल्यावर पडदा पडला. भिंत कोणी बांधली?

खरे नाट्य तर तिथूनच सुरू होते. कोणाची भिंत आधी, यावरून त्या गावी शाळेच्या ओसरीवर मोठा वाद झाला. एका म्हातारीने आपली पाळी शेजारच्या बाळंतिणीला देऊन टाकली, आणि मग मध्यरात्रीपर्यंत तिलाच शिव्या देत बसली.