प्रज्ञाशोध आणि प्रज्ञासंवर्धन : शालेय विज्ञानस्पर्धांची एक चिकित्सा

प्रस्तावना :

शालेय विद्यार्थ्यांमध्ये विज्ञानाची गोडी निर्माण व्हावी, या हेतूने महाराष्ट्रात स्पर्धा, प्रदर्शने व पुरस्कार योजना दीर्घकाळ राबविल्या जात आहेत. १९६३ मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा २०२१ नंतर स्थगित झाली. १९९९ ची किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना २०२२ मध्ये इन्स्पायर योजनेत विलीन झाली. योजना बदलल्या, तरी प्रज्ञा तयारच असते आणि परीक्षेने ती केवळ हुडकून काढावयाची असते, हे त्यांमागील गृहीतक कायम राहिले. प्रस्तुत लेखात या गृहीतकाची खानदेशच्या संदर्भात चिकित्सा करण्यात आली आहे.

स्पर्धांचे स्वरूप :

डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा बृहन्मुंबई विज्ञान अध्यापक मंडळातर्फे १९८१ पासून इयत्ता सहावी व नववीसाठी घेतली जाते. लेखी परीक्षेबरोबर प्रात्यक्षिक, कृतिसंशोधन प्रकल्प व मुलाखत यांचा तिच्यात समावेश आहे. निव्वळ पाठांतरावर भर नसणे, हे तिचे बलस्थान होय. तथापि या टप्प्यांचा क्रम विचारात घेण्यासारखा आहे. लेखी परीक्षेची चाळणी प्रथम लागते. प्रात्यक्षिकाची पाळी त्यानंतर येते. ज्या विद्यार्थ्याच्या शाळेतील प्रयोगसाहित्य कपाटाबाहेर निघत नाही, तो पहिल्याच टप्प्यावर बाद होतो. म्हणजे ज्याला प्रयोगाची सर्वाधिक गरज, त्यालाच स्पर्धेतून प्रयोग मिळत नाही. शिकवणी वर्ग व मार्गदर्शक पुस्तके परवडणाऱ्या घरातील मुलाची वाट त्या मानाने सुकर असते.

इन्स्पायर-मानक योजनेत शाळेने विद्यार्थ्यांच्या कल्पना पाठवावयाच्या असतात व निवड झालेल्या कल्पनेस दहा हजार रुपये मिळतात. येथे लेखी चाळणी नाही, ही जमेची बाजू. मात्र कल्पनेला आकार देणारा शिक्षक शाळेत नसेल, तर हे दारही नावापुरतेच उघडे राहते.

खिरोदा व मुंबई येथील अनुभव :

या प्रश्नाचे उत्तर शोधताना खानदेशाला दूर जावे लागत नाही. १९७४ मध्ये स्थापन झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने सत्तरच्या दशकातच जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातील ग्रामीण शाळांत काम केले. शिक्षकांचे प्रशिक्षण व अल्पखर्चिक प्रयोग यांवर त्यात भर होता. पुढे व्ही. जी. कुलकर्णी व सुधाकर आगरकर यांनी मुंबईच्या महानगरपालिका शाळांतील वंचित विद्यार्थ्यांसाठी प्रज्ञेचा शोध व संवर्धन असा प्रकल्प राबविला. पाठ्यपुस्तकाची भाषा हा विज्ञान शिकण्यातील मोठा अडथळा असल्याचे केंद्राच्या कामातून पुढे आले. भाषा सुलभ केली व प्रयोगाची संधी दिली, की ‘सामान्य’ ठरविलेली मुलेही प्रगती करतात, असे दिसून आले. आज देशातील विज्ञान व गणित ऑलिंपियाडची धुरा सांभाळणारे केंद्र हेच, ही बाब लक्षणीय आहे.

खानदेशचा संदर्भ :

घरी अहिराणी, भिली किंवा पावरी बोलणाऱ्या मुलास प्रमाण मराठीतील ‘उत्प्लावक बल’ वा ‘अपवर्तन’ ही परिभाषा दुप्पट परकी वाटते. विहिरीत पोहरा पाण्यात असेपर्यंत हलका व वर येताच जड होतो, हे त्याच्या हाताला ठाऊक असते. प्रश्नपत्रिका मात्र ते त्याला विचारत नाही.

१९९३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेने स्थानिक प्रश्नावरील प्रकल्पास स्थान दिले, ते याच कारणाने मोलाचे ठरते. धुळे जिल्ह्यात असा विषय पायाशी आहे. पांझरेवरील फड पद्धतीत बंधाऱ्याचे पाणी पाटाने, केवळ उताराच्या बळावर शेतापर्यंत पोहोचते. एका फडात एकच पीक घेतले जाते व पिकांची फेरपालट होते. पाटाला उतार किती असावा, वाटेत पाणी किती मुरते, फेरपालटीने जमिनीत काय बदलते, हे प्रश्न आठवीच्या मुलास मोजता येण्याजोगे आहेत. पाटकऱ्याशी बोलून ते समजून घेणे हेही विज्ञानच होय.

निष्कर्ष :

स्पर्धा बंद कराव्यात, असा या चिकित्सेचा रोख नाही. स्पर्धेमुळे शिक्षक हलतो, पालक विचारपूस करतो आणि मुलाला आपल्यासारखी इतर मुले भेटतात. तथापि शोधाआधी संवर्धन हवे. पांझरेकाठी वसलेले देवपूर हा धुळ्यातील शाळा-महाविद्यालयांचा भाग आहे. तेथील महाविद्यालयांनी आपल्या प्रयोगशाळा शनिवारी व सुट्ट्यांत परिसरातील आठवी-नववीच्या मुलांसाठी, कोणतीही निवड परीक्षा न घेता खुल्या केल्या, तर खिरोद्याच्या प्रयोगाचे सूत्र पुढे जाईल. विस्तारकार्याचा अहवाल दरवर्षी लिहिला जातोच. त्यात ही नोंद अधिक अर्थपूर्ण ठरेल.

एखाद्या स्पर्धेतून किती पदके मिळाली, हे मोजणे सोपे आहे. निवड न झालेल्या मुलाच्या हाती तिने काय ठेवले, हा तिच्या मूल्यमापनाचा खरा निकष मानावा लागेल.