मंडपेश्वर : वास्तूचा इतिहास आणि समाजाचा इतिहास

दहिसर नदीच्या परिसरातील मंडपेश्वराच्या शैव लेण्यांत सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी चर्च उभारले; १७३९ मध्ये वसई मराठ्यांनी जिंकली. मंडपेश्वराविषयीचे लेखन बहुधा या सत्तांतरांपाशीच थांबते. परिणामी येथील ख्रिस्ती ग्रामसमाज केवळ ‘धर्मांतरित’ म्हणून उरतो. ही मांडणी अपुरी आहे. या समाजाने १८८७ मध्ये ‘ईस्ट इंडियन’ हे इंग्रजी नाव स्वीकारले. घरातील बोली मात्र मराठीच राहिली. स्त्रियांचे लुगडे आणि लग्नातील ‘उंबराचं पाणी’ हा विधीही टिकला. ही परंपरानिष्ठा म्हणजे निव्वळ जुन्याचा हट्ट नव्हे. नव्या श्रद्धेत जुन्या गावाला दिलेली ती जागा आहे. म्हणूनच इतिहासलेखकाने भग्न भिंतींइतकेच लग्नगीतांनाही साधन मानणे अगत्याचे ठरते.