तुमच्या झोपेला साजेसं तंत्र आणि ते ४६ टक्के

महिन्याभरापूर्वी कॅन्टीनमध्ये एमएच्या दुसऱ्या वर्षातल्या एका मुलाने मला गाठलं. "ताई, मी रात्री दोनला झोपतो, सातला उठतो. ल्युसिड ड्रीमसाठी माझ्या झोपेला कोणतं तंत्र सूट होईल?" प्रश्न अगदी साधा. पण याच प्रश्नाचं चुकीचं उत्तर मी दोन वर्षांपूर्वी माझ्या संशोधन आराखड्यात लिहिलं होतं आणि समितीपुढे तोंडावर पडले होते. त्याला चहा संपेपर्यंत जे नीट सांगता आलं नाही, ते इथे लिहिते. तुम्ही पेट किंवा नेटची तयारी करत असाल, विषय शोधत असाल, तर स्वप्नांत रस नसला तरी वाचा. ही चूक शिक्षणशास्त्रात होते, शेतीत होते, सगळीकडे होते.

आधी पार्श्वभूमी, थोडक्यात. ल्युसिड ड्रीम म्हणजे स्वप्न चालू असतानाच 'हे स्वप्न आहे' हे कळणं. हे खरंच घडतं का, यावर बराच काळ शंका होती. १९७५ मध्ये इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी आणि पुढे अमेरिकेत स्टॅनफर्डमध्ये स्टीफन लाबर्ज यांनी एक युक्ती वापरली. रेम झोपेत शरीर जवळजवळ लुळं असतं, पण डोळे हलतात. मग झोपण्याआधीच ठरवून ठेवायचं, की स्वप्नात जाग आली की डोळे डावीकडे-उजवीकडे असे असे फिरवायचे. यंत्रावर ते ठरलेले फटकारे दिसले आणि शंका मिटली.

ल्युसिड ड्रीम घडतं हे त्यातून सिद्ध झालं. ते हवं तेव्हा घडवता येतं का, हा वेगळा प्रश्न, आणि तिथे अजून गोंधळ आहे. २०१२ मध्ये स्टुम्ब्रिस आणि सहकाऱ्यांनी ३५ अभ्यासांचा आढावा घेतला. त्यांचा निष्कर्ष असा, की भरवशाने आणि सातत्याने ल्युसिड ड्रीम घडवेल असं एकही तंत्र सिद्ध झालेलं नाही. हे वाक्य मी माझ्या टेबलासमोर चिकटवायला हवं होतं. नाही चिकटवलं.

मला भुरळ घातली ती ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड विद्यापीठाच्या डेनहोम ॲस्पी यांच्या २०१७ च्या अभ्यासाने. अभ्यास चांगला आहे, हे आधीच सांगते. टीका करायची म्हणून तो वाईट ठरवायचं कारण नाही. १६९ लोक, पहिला आठवडा नुसती नोंद, दुसरा आठवडा तंत्र. एका गटाने दिवसभरात अधूनमधून 'मी आत्ता स्वप्नात आहे का' हे तपासायचं. दुसऱ्याने त्याच्या जोडीला पाच तास झोपून उठायचं आणि पुन्हा झोपायचं. तिसऱ्याने या दोन्हींबरोबर लाबर्ज यांचं 'माइल्ड' तंत्रही करायचं. म्हणजे पहाटे उठल्यावर नुकतंच पडलेलं स्वप्न आठवायचं, 'पुढच्या वेळी स्वप्न पडेल तेव्हा ते स्वप्न आहे हे मला आठवेल' असं मनाशी घोकायचं आणि तसं घडताना डोळ्यांपुढे आणायचं. तिसऱ्या गटात ४७ लोक होते. यशाचं प्रमाण १७ टक्के. आणि माइल्ड संपवल्यावर पाच मिनिटांच्या आत ज्यांना झोप लागली, त्यांच्या प्रयत्नांमध्ये हेच प्रमाण जवळजवळ ४६ टक्के!

सतरावरून सेहेचाळीस. असा आकडा दिसला की डोळे चमकतातच. मी आराखड्यात लिहिलं, "म्हणजेच लवकर झोप लागणाऱ्यांसाठी माइल्ड योग्य, उशिरा लागणाऱ्यांसाठी दुसरं तंत्र निवडावं." वर 'झोपेच्या सवयीनुसार तंत्रनिवड' असं भारदस्त शीर्षक दिलं.

समितीतल्या सांख्यिकीच्या बाईंनी फार काही विचारलं नाही. एवढंच म्हणाल्या, "लवकर झोपणाऱ्यांना यश जास्त मिळतं हे कळलं. पण त्यांना माइल्डनेच जास्त मिळतं, हे कुठल्या ओळीत आहे?"

नव्हतंच कुठे. बघा, दोन वेगळे प्रश्न आहेत. कोणाला यश मिळतं, हा एक. कोणाला कोणत्या तंत्राने जास्त यश मिळतं, हा दुसरा. नियमित अभ्यास करणारा विद्यार्थी कुठल्याही क्लासला गेला तरी जास्त मार्क मिळवतो. त्यावरून 'नियमित मुलांनी याच क्लासला जावं' असं निघत नाही. तसं म्हणायला किमान दोन क्लास आणि दोन प्रकारची मुलं हवीत. आणि नियमित मुलांना पहिला, अनियमित मुलांना दुसरा जास्त मानवतो, असं दिसायला हवं. नुसता फरक पुरत नाही, फरकातला फरक लागतो. सांख्यिकीत याला आंतरक्रिया म्हणतात. पाठ्यपुस्तकात तुम्ही ती वाचलेली असते, परीक्षेत लिहिलेली असते, आणि स्वतःच्या आवडीचा आकडा समोर आला की नेमकी विसरता. मी विसरले.

आता त्या ४६ कडेच जरा जवळून बघू, कारण आंतरक्रियेचा मुद्दा सोडला तरी त्यात बरंच दडलंय.

पहिलं म्हणजे ते टक्के प्रयत्नांचे आहेत, माणसांचे नाहीत. समजा दहा जण आहेत. त्यातल्या दोघांना पाच मिनिटांत झोप लागायची सवय आहे आणि ते आठवड्यात सहा-सहा वेळा प्रयत्न करतात. उरलेले आठ जण आठवड्यातून एखाद्याच रात्री इतक्या लवकर झोपतात. 'लवकर झोप लागलेल्या' एकूण वीस प्रयत्नांपैकी बारा त्या दोघांचेच झाले. त्या दोघांत मुळातच काही वेगळं असेल, उदाहरणार्थ स्वप्नं छान आठवत असतील, तर सगळा आकडा त्यांच्या रंगात रंगतो. हे उदाहरण माझं आहे, अभ्यासातलं नाही. पण प्रयत्नांची टक्केवारी दिसली की 'यात माणसं किती?' हे विचारायची सवय लावून घ्या.

दुसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. झोप किती मिनिटांत लागली, हे सांगितलं कोणी? झोपणाऱ्याने, सकाळी उठल्यावर. घरी झोपलेल्या माणसाच्या डोक्याला तारा लावलेल्या नव्हत्या. विचार करा, घोकता घोकता डोळा लागला आणि थेट स्वप्नात जाग आली, तर सकाळी तुम्ही काय लिहाल? 'पटकन झोप लागली' असंच लिहाल. आणि काहीच घडलं नाही, नुसती कूस बदलल्याचं आठवतंय, तर 'बराच वेळ लागला.' म्हणजे झोपेमुळे यश मिळालं की यशामुळे झोप लवकर लागल्यासारखी वाटली, हे या नोंदीतून सुटत नाही.

शिवाय पहाटे जो तासभर जागा राहिला, त्याच्याकडे स्वप्न पडायला वेळच कमी उरला. गजर तर ठरल्या वेळी वाजणारच. मग उशिरा झोपणारा 'अपयशी' ठरतो तो तंत्रामुळे की घड्याळामुळे?

ॲस्पी यांनीच २०२० मध्ये मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास केला. ३५५ लोक, यात माइल्डबरोबर 'सिल्ड' हे हौशी मंडळींमधून आलेलं तंत्रही होतं. पहाटे उठून पुन्हा पडल्यावर लक्ष आळीपाळीने दिसणं, ऐकू येणं आणि अंगाला जाणवणं यांवर फिरवायचं, असं ते तंत्र. दोन्हींचं यश जवळपास सारखं निघालं. दोन्हींचं मिश्रण करूनही जास्त काही हाती लागलं नाही. यशाशी जोडलेल्या गोष्टी कोणत्या? स्वप्नं चांगली आठवणं आणि तंत्र संपल्यावर दहा मिनिटांत झोप लागणं.

इथे थांबा. २०१७ मध्ये पाच मिनिटं होती, इथे दहा. दिशा तीच राहिली ही जमेची बाजू, आणि ती मी मनापासून मान्य करते. वेगळ्या लोकांवर तीच गोष्ट पुन्हा दिसणं या क्षेत्रात दुर्मीळ आहे. पण पाच मिनिटांची रेघ ही निसर्गाने आखलेली नव्हती, एवढं यातून कळतं. आणि गंमत म्हणजे ही दोन्ही कारणं तंत्रांना सामायिक म्हणून पुढे येतात. म्हणजे माझ्या आराखड्याला आधार मिळण्याऐवजी उलटच झालं. उशिरा झोप लागणाऱ्याला मी ज्या 'दुसऱ्या तंत्रा'कडे पाठवणार होते, तिथेही लवकर झोपणाराच पुढे असण्याची शक्यता जास्त!

मग असा प्रश्न नीट कसा तपासतात? याच क्षेत्रातलं एक उदाहरण बघा. २०१८ मध्ये लाबर्ज, लामार्का आणि बेअर्ड यांनी गॅलँटामिन या औषधावर अभ्यास केला. १२१ लोक, तीन रात्री. प्रत्येक माणसाने तिन्ही मात्रा घेतल्या, एका रात्री नुसती खोटी गोळी, एका रात्री ४ मिलिग्रॅम, एका रात्री ८. कोणत्या रात्री काय मिळालं हे घेणाऱ्यालाही माहीत नाही, देणाऱ्यालाही नाही. ल्युसिड ड्रीमचं प्रमाण १४, २७ आणि ४२ टक्के आलं. इथे प्रत्येक माणसाची तुलना त्याच्या स्वतःशीच आहे, त्यामुळे 'हा मुळातच गाढ झोपणारा' वगैरे भानगड उरत नाही. (गॅलँटामिन हे अल्झायमरवर दिलं जाणारं औषध आहे. स्वप्नांसाठी मेडिकलमध्ये जाऊन मागू नका, कृपा करून.)

तंत्रांवर हीच रचना जशीच्या तशी लावता येत नाही, ही खरी अडचण. गोळीचा परिणाम एक-दोन दिवसांत उतरतो. माइल्ड एकदा शिकलात की पुढच्या आठवड्यात सिल्ड करतानाही ते डोक्यात राहणारच. शिकलेलं धुऊन निघत नाही. माझ्या नव्या आराखड्यातली दोन पानं फक्त या एका अडचणीवर आहेत आणि मार्गदर्शकांचं समाधान अजून झालेलं नाही. माझंही नाही.

आता त्या मुलाचं उत्तर. दोन ते सात, म्हणजे पाच तास. 'पाच तासांनी उठून पुन्हा झोपा' याचा त्याच्यासाठी अर्थ होतो 'सकाळी सातला उठा', जे तो रोज करतोच! रेम झोप रात्रीच्या शेवटच्या भागात जास्त असते, म्हणून ही तंत्रं पहाटेवर बेतलेली आहेत. त्याची तर ती पहाटच कापलेली आहे. त्याला तंत्र निवडायचं नाहीये, झोप वाढवायची आहे. तीन-साडेतीनला गजर लावून त्या पाच तासांतही खिंडार पाडायचं, तर माझं स्पष्ट मत आहे की करू नये. २०२० च्या अभ्यासात यशामुळे झोपेची प्रत बिघडली नाही असं आलंय, पण ते यश मिळालेल्या रात्रींबद्दल आहे. ज्या रात्री उठलो आणि पुन्हा झोपच लागली नाही, त्यांचा हिशोब वेगळा. मी स्वतः हॉस्टेलवर तीन आठवडे साडेचारचा गजर लावून बघितलाय. स्वप्नं शून्य, रूममेटची बोलणी भरपूर, आणि दुपारी ग्रंथालयात टेबलावर डोकं. निरीत सोफर-डुडेक यांनी २०२० मध्ये लिहिलेला लेख वाचा. ल्युसिड ड्रीम आपल्यासाठी चांगलं आहे का, या प्रश्नापाशीच त्या थांबतात आणि संशोधकांना सावधगिरीची सूचना देतात.

रविवारी तो दहापर्यंत झोपतो म्हणाला. मग म्हटलं, रविवारी सातला सवयीने जाग येईलच, तेव्हा दहा मिनिटं माइल्ड कर आणि पुन्हा झोप. गजर नको, झोपेचं नुकसान नको. आणि आजपासून उशाशी वही ठेव. उठल्या उठल्या, मोबाइल हातात घेण्याआधी, आठवेल ते लिही. स्वप्न आठवणं यशाशी जोडलेलं आहे, एवढं तरी दिसलेलं आहे. आठवण सुधारली म्हणून यश वाढेलच, असं मात्र मी त्याला सांगितलं नाही. तिथेही तीच चूक होईल. पण वहीला खर्च काही नाही.

काल तो पुन्हा भेटला. वही घेऊनच आला होता. अकरा दिवसांच्या नोंदी आहेत, त्यातल्या सात पानांवर फक्त तारीख. "ताई, रिकामी पानं मोजायची का?" म्हणाला. मोजायची, म्हटलं, ती आधी मोजायची.