‘होमॉलॉजी’चे तीन अर्थ आणि गोल्डमन

कादंबरीची संरचना आणि बाजारव्यवस्थेची संरचना यांत होमॉलॉजी, म्हणजे समजातता असते, असे ल्युसिएन गोल्डमन यांनी 1964 साली मांडले. ही संज्ञा विज्ञानातली. पण विज्ञानात तिचा अर्थ एक नाही.

रिचर्ड ओवेन यांच्या 1843 च्या व्याख्येनुसार रूप व कार्य बदलूनही भिन्न प्राण्यांत ‘तोच’ राहणारा अवयव समजात होय : माणसाचा हात, वटवाघळाचा पंख. ओवेन यांना हे ‘तोच’पण एका आदिरूपात दिसले; डार्विन यांनी 1859 साली ते समान पूर्वजात शोधले. रसायनशास्त्रात वंशाचा प्रश्नच नाही. मिथेन, इथेन, प्रोपेन या श्रेणीत लगतच्या संयुगांत एक कार्बन व दोन हायड्रोजन अणूंचा ठरावीक फरक असतो, इतकेच. समीक्षेला त्यातून घेण्याजोगे थोडेच. प्वाँकारे यांनी 1895 साली गणितात रूढ केलेला अर्थ मात्र सर्वांत काटेकोर आहे. पृष्ठावरील दोन बंद वक्र समजात ठरतात ते सारखे दिसतात म्हणून नव्हे. दोहोंनी मिळून सीमित केलेला मधला भाग दाखवता यावा लागतो. तिथे छिद्र असेल तर समजातता संपते.

गोल्डमन यांना हीच कसोटी लावावी. पास्कल व रासीन यांच्यावरील 1955 च्या ग्रंथात त्यांनी मधला भाग भरला होता : न्यायपदांमुळे उमरावपद लाभलेला वर्ग, जॅन्सेनपंथ, शोकात्म विश्वदृष्टी. कादंबरीच्या बाबतीत सामूहिक जाणिवेची ही पायरीच त्यांनी गाळली. उरते ते विनिमयमूल्य आणि नायकाचा शोध यांतील साम्य. ओवेन यांनी त्याला समजातता न म्हणता सादृश्य म्हटले असते.